एचआयव्हीच्या उपचारात यकृताचीही नोंद हवी

संपादक महोदय,

२८ जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस (विषाणूंमुळे येणारी यकृताची सूज) दिनाला रुग्णालयांतून फलक लागतात आणि उकळलेले पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो. मात्र एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या यकृताविषयी त्या दिवशीही फारसे कोणी बोलत नाही. एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्रावर, समुपदेशनाचे काम केलेली व्यक्ती म्हणून हा विषय वाचकांपुढे आणि आरोग्य खात्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे तिन्ही विषाणू दूषित रक्तातून आणि दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून पसरतात; शिवाय एचआयव्ही आणि बी हे शरीरसंबंधांतून व आईकडून बाळालाही सहज जातात, त्यामुळे एकाच व्यक्तीला यांपैकी दोन विषाणूंची लागण होणे मुळीच नवलाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख रुग्ण होते. निरोगी प्रौढाचे शरीर बीचा विषाणू बहुतेक वेळा स्वतःच हटवते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेली असली तर तो शरीरात ठाण मांडून बसण्याची शक्यता वाढते आणि यकृत आक्रसण्याची क्रियाही वेगाने होते.

आज आपल्या एआरटी केंद्रांवर बहुतेकांना टीएलडी ही एकच गोळी रोज घ्यावी लागते. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे असतात व त्यांपैकी पहिली दोन हिपॅटायटिस बीलाही आवर घालतात. म्हणजे ज्याला दोन्ही विषाणूंची लागण आहे, त्याचे यकृत याच गोळीने सांभाळलेले असते, आणि नेमकी हीच गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेला माणूस गोळ्या संपल्या म्हणून काही महिने तशीच काढतो, तेव्हा दबलेला बी विषाणू उसळतो, डोळे पिवळे होतात, आणि घरचे त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. गळ्यातली मुळ्यांची माळ दिवसागणिक लांबत चालली की आजार उतरतो आहे, असा समज अजून पक्का आहे. पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून माळेला यश मिळते. बीचा रुग्ण मात्र त्या काळात यकृत निकामी होण्याच्या टोकाला पोहोचू शकतो.

दुसरा धोका खुद्द दवाखान्यात आहे. टेनोफोव्हिरमुळे काहींच्या मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) वाढते आणि डॉक्टर ते बदलून अबॅकॅव्हिर देतात. एचआयव्हीच्या दृष्टीने हा बदल योग्यच असतो, परंतु रुग्णाला बी आहे हे कागदावर नसेल तर त्या विषाणूविरुद्ध एकटे लॅमिव्युडिन उरते, आणि एकट्या लॅमिव्युडिनला तो काही वर्षांत दाद देईनासा होतो. अशा वेळी एन्टेकॅव्हिरची जोड द्यावी लागते किंवा टेनोफोव्हिरची मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार बदलावी लागते. पण हा विचार कोणी करायचा, तर आधी नोंद असायला हवी. मी पाहिलेल्या रुग्णांच्या अनेक पुस्तिकांत सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आणि व्हायरल लोडचे (रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण) आकडे नीट भरलेले होते, आणि हिपॅटायटिसचा रकाना कोरा होता. तपासणी झाली का, असे विचारल्यावर ‘मला कावीळ कधी झालीच नाही’ हे उत्तर हमखास येई. बी आणि सी वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता यकृत पोखरतात, हे त्यांना कळणार तरी कुठून?

सीच्या बाबतीत तर हळहळ अधिक वाटते, कारण तो पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सोफोसबुव्हिर आणि डॅक्लॅटास्व्हिर ही औषधे मोफत मिळतात, साधारणतः १२ आठवड्यांचा उपचार असतो आणि एचआयव्ही असलेल्यांतही शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. तो सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी करावीच लागते, कारण सी हटताना बी उसळू शकतो. आणि टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर ही औषधे देता येत नाहीत. अडते ते मधल्या वाटेवर. विषाणूशी कधी संपर्क आला होता का हे दाखवणारी अँटिबॉडी चाचणी एका ठिकाणी, विषाणू अजून शरीरात असल्याची खात्री करणारी चाचणी दुसरीकडे, आणि प्रत्येक नव्या खिडकीवर आपल्याला एचआयव्ही आहे हे पुन्हा सांगणे आले. गोपनीयतेची हमी देणारा २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा असूनही त्या रांगेत उभे राहण्याचे बळ अनेकांत नसते, आणि ते घरी परततात.

राज्य एड्स नियंत्रण संस्थेला माझी विनंती आहे की, एआरटी घेणाऱ्या प्रत्येकाची बी आणि सीची तपासणी झाली आहे का, हे जुन्या रुग्णांपासून पडताळून पाहावे आणि बी असल्यास ‘टेनोफोव्हिर परस्पर थांबवू नये’ असे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक लिहावे. सीच्या पुढील चाचणीसाठी रक्ताचा नमुना केंद्रावरच घेऊन पाठवावा. हिपॅटायटिस बीची लस देशभरच्या बाळांना २०११ पासून मिळू लागली, त्यामुळे आजचे बहुतेक प्रौढ रुग्ण लसीविना आहेत. ज्यांना लागण नाही, त्यांना ती केंद्रावरच द्यावी, आणि एचआयव्हीत साध्या मात्रेचा परिणाम कमी होत असल्याने दुप्पट मात्रेची सोय ठेवावी. बी आढळलेल्यांच्या जोडीदाराची व मुलांची तपासणीही याच कामात धरावी.

आपली विश्वासू,
एक समुपदेशक, सांगली