शाकारणीनंतरचं पत्र, आमच्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

पाऊस सरला, आश्विन लागला, आणि रेकॉर्ड रूमच्या छताखाली या वर्षी एकही बादली ठेवावी लागली नाही. हे पत्र त्यासाठी आहे. निवृत्त झालेला माणूस भर वैशाखात पुन्हा शिडी चढतो आणि हातात हात घेऊन काम शिकवून जातो, याला मोजमाप पुस्तिकेत रकाना नाही. त्या पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, कौलं किती बदलली आणि चुना-वाळू किती लागली एवढंच चढतं. म्हणून तुम्ही काय केलंत आणि का केलंत ते इथे लिहून काढतो आहोत. कोकणात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती आणि मंगलोरी कौलं असलेली कचेरी, शाळा, दवाखाना जो कोणी सांभाळत असेल त्याच्याही ते हाती लागावं.

आधी झारीबद्दल. गळतीचा डाग भिंतीपासून चार फुटांवर होता आणि दर वर्षी नेमकी त्याच्यावरचीच कौलं बदलली जात होती. पुढच्या पावसात डाग तिथेच. तुम्ही पहिल्या दिवशी एकही कौल हलवलं नाहीत. बागेतली झारी आणि खडू मागून घेतलात. एक माणूस वर, एक आत माळ्यावर, खालचे दिवे बंद. पाणी आधी वळचणीच्या ओळीवर, संथ, दहा मिनिटं. आत काही नाही, म्हणून हातभर वर. परत दहा मिनिटं. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या पाखावरून (छताच्या उतरावरून) ओघळतं आणि कुठल्या ओळीत शिरलं ते कळत नाही. पाइप का नको, तेही तुम्ही सांगितलंत: पाइपची धार कौलांच्या खाचेतून उलटी घुसते आणि जिथे गळत नाही तिथेही गळती दाखवते. पाऊस पडतो तसं पाणी पडलं पाहिजे.

पाणी शिरत होतं ते दोन पाखं जिथे मिळतात त्या पन्हळीच्या सांध्यात. तिथून ते कौलाच्या पोटाला धरून रिपेवर (कौलं अडकतात त्या आडव्या पट्टीवर), रिपेवरून वाशावर येत होतं आणि वाशाच्या एका गाठीपाशी अडून टपकत होतं. शिरण्याची जागा आणि डाग यांच्यात नऊ फुटांचं अंतर. वाशावर खडूने काढलेली ती रेघ आम्ही पुसलेली नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती दाखवतो.

पन्हळीचा पत्रा उचलल्यावर तीन चुका एकदम दिसल्या. दोन पत्र्यांचा जोड जेमतेम दोन इंचांचा होता. खिळे पत्र्याच्या मधोमध ठोकले होते, म्हणजे जिथून सगळं पाणी वाहतं तिथेच भोकं. आणि दोन्ही बाजूंची कौलं एकमेकांना जवळजवळ चिकटवून बसवली होती. दिसायला नीटनेटकं, पण त्या फटीत वडाचा पाला अडकला की आत बांध तयार होतो आणि पाणी पत्र्याच्या काठावरून वाशांत उतरतं. तुम्ही २४ गेजचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा घेतलात आणि जोड सहा इंचांचा ठेवलात, वरच्या पत्र्याचं टोक खालच्या पत्र्यावर. दोन्ही काठांना इंचभर उभी दुमड दिलीत आणि खिळे त्या दुमडीच्या बाहेर मारलेत. कौलांच्या कडा कापून मध्ये चार इंच मोकळा रस्ता सोडलात. कापलेले तिकोनी तुकडे रिपेवर नीट अडकत नाहीत आणि घसरतात, म्हणून प्रत्येकाला भोक पाडून तांब्याच्या तारेने बांधलंत. पत्रा बसवण्याआधी पालथ्या बाजूलाही बिटुमेनचा हात दिलात, कारण पन्हळीचा पत्रा बहुधा खालून गंजतो. वरून चांगला दिसत असतो आणि एक दिवस अंगठा आरपार जातो.

कौलांचं म्हणाल तर शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. खरी अडचण संख्येची नव्हती, सारख्या कौलांची होती. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. अर्ध्या सुताचा फरक असला तरी कौल उचललेलं राहतं आणि झडीचा पाऊस आत येतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर त्या किनाऱ्यावर असे कितीतरी कारखाने झाले, आणि कौलाच्या पाठीवर ज्याचा त्याचा छाप असतो. तुम्ही सगळी उतरवलेली कौलं छापाप्रमाणे वेगळी रचायला लावलीत. मागचं पाखं एका छापाचं, पुढचं दुसऱ्या छापाचं केलंत. उरलेली धड कौलं गोदामात उभी लावून ठेवली आहेत, आडवी नाहीत. आडव्या थप्पीत खालची तडकतात, हे आता सगळ्यांच्या डोक्यात बसलंय.

प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर तडा डोळ्याला दिसो न दिसो, बाजूला टाकायचं. कौल जागचं का हललं तेही बघायचं. माकडांनी हलवलं असेल तर परत बसवून भागतं. पण पाठीवरची अडकण तुटली असेल किंवा रीप कुजली असेल, तर ते दर पावसात घसरणारच. रिपेला पेचकस टोचून बघायची तुमची सवय आम्ही उचलली आहे. टोक पाव इंच सहज गेलं तर ती रीप काढायचीच, तिथे दयामाया नाही.

आढ्याच्या, म्हणजे छताच्या माथ्यावरच्या, कौलांचं काम आम्हाला सगळ्यात नवीन होतं. ती आजवर निव्वळ सिमेंटमध्ये बसवली जात होती. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट हलत नाही, म्हणून तडकतं. तुम्ही एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा माल केलात. आणि तो फक्त दोन्ही कडांखाली लावलात, मधली पोकळी मोकळी सोडलीत. पूर्ण भरली की आतला माल ओल धरून ठेवतो आणि खालचं आढं कुजतं. माल कमी लागतो म्हणून बिलही कमी येतं, आणि अशा कामाला फारसं कोणी पुढे येत नाही, हे आम्हाला तेव्हा उमगलं.

वर चढण्याचे नियमही लिहून भिंतीवर लावले आहेत. पाय रिपेच्या रेषेवर पडला पाहिजे, कौलाच्या मध्यावर नाही. आडवी शिडी टाकून तिच्यावरून फिरायचं. कमरेची दोरी पलीकडच्या पाखावरून नेऊन खाली खांबाला. शेवाळ ओलं असताना कोणीही, कितीही घाई असली, साहेबांचा फोन आला तरी, चढायचं नाही.

मागच्या बाजूच्या स्लॅबवर तुम्ही एकच दिवस दिलात, पण त्या दिवसाचं एक घमेलं आम्ही विसरणार नाही. स्लॅबवर पाणी साठवून ४८ तासांची चाचणी आम्ही करतच होतो. पाण्याची पातळी उतरायची आणि स्लॅब गळतोय असा निष्कर्ष निघायचा. तुम्ही शेजारी एक घमेलं पाण्याने भरून ठेवलंत आणि दोन्हीकडे खडूची खूण केलीत. घमेल्यातलं पाणी जेवढं उतरलं तेवढंच स्लॅबवरचं उतरलं. म्हणजे ते उन्हाने उडालं होतं. कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) शाबूत होता. पावसाचं पाणी कठड्याच्या कडेने उतरत होतं, तिथला वाटा (कोपऱ्यातला गोलसर गिलावा) फुटला होता. कोबा पूर्ण उखडून नवा करायचं अंदाजपत्रक तयार होतं. ते बाजूला ठेवून नुसता वाटा नवा मारला. कठड्यातलं पिंपळाचं रोप मात्र तुम्ही कोयत्याने तोडू दिलं नाहीत. दोन चिरे सोडवून मूळ शेवटपर्यंत काढलंत. बोटभर जरी राहिलं तरी पुढच्या मृगात फुटतं, आणि तोडलेलं रोप जास्त जोमाने फुटतं.

वायरींबद्दल थोडक्यात. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक वायरीला भोकाच्या आधी खाली झोळ द्यायला तुम्ही वायरमनला सांगितलंत, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, वायरीला धरून बोर्डात जात नाही. पावसात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडायचा तो या वर्षी पडला नाही.

आता भिंती. इथे तुमचं आमचं थोडं वाजलं होतं आणि बरोबर तुम्हीच होतात. चिऱ्याची भिंत जोत्यातून ओल ओढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर उडून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला की ओलीला वाट उरत नाही, म्हणून ती आणखी वर चढते आणि रंग जिथे संपतो तिथे लोणा (पांढरा क्षार) फुटतो. पूर्वी कमरेपर्यंत असलेली ओल आमच्याकडे खांद्यापर्यंत आली होती ती अशी. तुम्ही सांगितलेला क्रम असा: ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जाऊन सिमेंट काढायचं. दरजा (चिऱ्यांमधले सांधे) पाऊण इंच खोल खरडायच्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि झाडलेला गोळा करून बाहेर टाकायचा. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत जातो. मग काही आठवडे भिंत उघडी ठेवायची. त्यानंतर एक भाग चुना, तीन भाग वाळू, अर्ध्या-अर्ध्या इंचाचे दोन हात, आणि ओल्या गोणपाटाखाली निदान आठवडाभर. वरून चुन्याचीच सफेदी.

हे काम मे महिन्यात होत नाही, हे तुम्ही सभागृहात उभं राहून सांगितलंत. निधी मार्चअखेर येतो, कार्यादेश मे महिन्यात निघतो, आणि ओला चुना पावसात सापडतो. चुन्याचं काम जानेवारीत सुरू झालं पाहिजे. या वर्षीचा प्रस्ताव त्याच हिशेबाने ऑगस्टमध्येच दिला, आणि तो मंजूर झाला आहे.

रेकॉर्ड रूमसाठी तुम्ही एवढा जीव का टाकलात ते आम्हाला माहीत आहे. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या कपाटांतून बाहेर आल्या. त्यांतली मोडीतली काही पानं ओलीने एकमेकांना चिकटली होती आणि ती सोडवताना अक्षरं निघून आली. एखाद्या माणसाच्या पणजोबांची कागदावर एवढीच खूण असते. त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त वर आढ्याकडे बघत राहिलात. आता वह्यांची कपाटं भिंतीपासून सहा इंच पुढे ओढली आहेत आणि चार इंचांच्या लाकडी ठोकळ्यांवर उचलली आहेत. मागून हवा खेळते. चिकटलेली पानं परत येणार नाहीत, पण उरलेल्या वह्या आषाढ-श्रावणात कोरड्या राहिल्या.

एक गोष्ट राहिली आहे. पश्चिमेच्या पाखाच्या आढ्याची सात कौलं जुन्या सिमेंटमध्येच आहेत. दोन ठिकाणी केसाएवढी चीर दिसते, अजून गळत नाही. झारी लावून पाहिली. ती चुन्याच्या कामाबरोबर घेऊ.

चुना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विरवून दोन पिंपांत घातला आहे. विरवताना चाळून घेतला, खडे राहिले नाहीत. वर चार बोटं पाणी आहे, पिंपांवर फळ्या टाकल्या आहेत. तुमच्या सोयीने येऊन एकदा हात घालून बघा.

आपली,
बांधकाम विभागातली मंडळी