दुसरा हुक कमरेला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत इटलीतील डोलोमाइट्सच्या 'व्हिया फेर्राता'वर, म्हणजे कड्याला पोलादी दोर ठोकून केलेल्या वाटांवर, लेख आला आहे. लेख वाचनीय आहे. पण सोबतच्या छायाचित्रातील गिर्यारोहकाचा एक हुक दोरात आहे आणि दुसरा त्याने कमरेच्या हार्नेसला (अंगाला बांधलेल्या पट्ट्यांना) अडकवून ठेवला आहे. लेखातही 'हुक अडकवला की पडण्याची भीती नाही' असे म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

हा दोर साधारण दर तीन-चार मीटरवर खडकातल्या खुंटीला पक्का केलेला असतो. उभ्या कड्यावर वरच्या खुंटीपाशी पोहोचताना हात सुटला, तर हुक दोरावरून घसरत खालच्या खुंटीवर येऊन आदळतो. म्हणजे हार्नेस आणि हुक जोडणाऱ्या मीटरभर पट्टीच्या भरवशावर माणूस चार-पाच मीटर पडतो. नेहमीच्या प्रस्तरारोहणात पडण्याची उंची आणि ती झेलणाऱ्या दोराची लांबी यांचे गुणोत्तर दोनच्या वर जात नाही. इथे ते पाचपर्यंत जाते. साधी स्लिंग (पट्टीचा शिवलेला फास) अशा वेळी तुटू शकते, आणि टिकलीच तर सगळा झटका शरीराला बसतो. म्हणून लॅनयार्डच्या, म्हणजे हार्नेसपासून हुकांपर्यंत जाणाऱ्या जोडपट्टीच्या, दोन शाखा जिथे जुळतात, तिथे छोट्या पिशवीत घडी घालून शिवलेली पट्टी असते. ठरावीक भार आला की तिची शिवण टराटरा उसवते आणि पडण्याचा जोर त्यात जिरतो. या शॉक अब्सॉर्बरशिवाय हार्नेस, हुक, दोर सगळे व्यर्थ.

आता तो दुसरा हुक. तो हार्नेसला अडकवला, तर भार त्या शाखेतून थेट कमरेवर येतो आणि शिवण उसवतच नाही. विसाव्यासाठी लावलेली आखूड स्लिंग काढायची राहिली तरी हाच प्रकार होतो. दोन्ही हुक कायम दोरातच हवेत. खुंटी आली की एक काढून पलीकडे लावायचा, त्याचे दार बंद झाल्याचा 'टक्' ऐकायचा, मगच दुसऱ्याला हात घालायचा. दोन खुंट्यांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस. नाहीतर वरचा घसरून खालच्यावर येतो.

भाड्याने संच घेताना लेबलवर 'ईएन ९५८' हे युरोपीय मानक आणि २०१७ हे वर्ष पाहावे. या मानकात वजनाची मर्यादा ४० ते १२० किलो आहे, आणि वरच्या मर्यादेत पाठीवरची सॅकही धरायची, खालच्या मर्यादेत नाही. वजन त्याहून कमी असेल तर शिवण पुरेशी उसवत नाही. लहान मुलांना म्हणूनच वरून वेगळ्या दोराने बिले (सुरक्षेचा आधार) द्यावा लागतो. एकदा उसवलेला संच पुन्हा वापरायचा नाही. आणि सारे जमून आले तरी पट्टी उघडताना माणूस आणखी सुमारे दोन मीटर खाली जाऊ शकतो. तेवढ्यात कपार किंवा लोखंडी पायरी आडवी आली की पाय मोडलाच. थोडक्यात, या वाटांवर पडायचेच नसते.

लेखात 'स्थानिक गाइड घ्या' एवढेच म्हटले आहे. इटलीत १९८९च्या कायद्याने दोन वेगळे परवाने केले आहेत. पायवाटांवर नेणाऱ्या 'अक्कोम्पान्यातोरे दी मेदिया मोंतान्या'ला जिथे दोर-हार्नेस लागतो तिथे नेता येत नाही. त्यासाठी 'ग्वीदा अल्पीना', म्हणजे गिर्यारोहणाचा गाइड, हवा. पासुबियो डोंगरावरचा ५२ बोगद्यांचा रस्ता पहिल्या प्रकारच्या गाइडबरोबर चालेल. हा रस्ता पहिल्या महायुद्धात, १९१७मध्ये, ऑस्ट्रियन तोफांच्या नजरेआडून रसद वर न्यायला खोदला गेला. साडेसहा किलोमीटरच्या आसपास लांबी, त्यातले सव्वादोनहून अधिक बोगद्यांत. मोन्ते पातेर्नो शिखराला (२७४४ मीटर) मात्र दुसराच हवा. तिथे आधी युद्धकाळातला अंधारा बोगदा, मग दोरांची वाट. हेडटॉर्च प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. मोबाइलचा उजेड एक हात अडकवून ठेवतो. लागात्सुओई डोंगराच्या बोगद्यातही हेडटॉर्च आणि हेल्मेट लागतेच: छत ठेंगणे, पायऱ्या ओल्या आणि उंच. केबल कारने वर जाऊन बोगद्यातून उतरणे सोपे वाटते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात.

दोर सैनिकांनी लावलेले आहेत, हा समजही खरा नाही. १९१५ ते १९१७ या काळात तिथे मुख्यतः दोरखंड आणि लाकडी शिड्या होत्या. आजचे पोलादी दोर नंतरचे आहेत. खऱ्या खुणा खंदकांत, बोगद्यांत आणि सुरुंगांनी फोडलेल्या कड्यांत आहेत. तोफाना डोंगराच्या कास्तेलेत्तो या सुळक्याखाली ११ जुलै १९१६ रोजी इटालियनांनी ३५ टन स्फोटके उडवली. तो तुटलेला सुळका आजही पाहता येतो.

उन्हाळ्यात दुपारी विजांचा धोका असतो आणि पोलादी दोर वीज वाहून नेतो. सकाळी लवकर निघून दुपारपूर्वी दोर सोडावा. गडगडाट ऐकल्यावर घाई करणे म्हणजे उशीरच. उत्तरेकडच्या घळींत जून उलटेपर्यंत बर्फ असू शकते. दोर त्याखाली गाडला गेला असेल तर परत फिरावे.

या युद्धस्थळांना इटलीत २००१च्या कायद्याने संरक्षण आहे. काटेरी तारेचा तुकडा आठवण म्हणून सॅकमध्ये टाकू नये. गंजलेला तोफगोळा दिसला तर हात न लावता, जागा नीट लक्षात ठेवून, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. शंभर वर्षे झाली म्हणून आतली स्फोटके मेलेली नसतात.

आपला,
एक वाचक