दोरीला बांधलेला नट

ठाणे, रविवार

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलंय काय? ठाण्यात शिकलो, पुण्याला आलो, संपलं." तेव्हा हसलो, पण रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं.

करिअर ठरवण्यासाठी मॅडमनी दिलेले ते प्रश्न वाचले. मार्क सॅविकास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत आहे म्हणे. लहानपणी कोणासारखं व्हावंसं वाटायचं, आवडती गोष्ट कोणती, हे ठीक. मला पटला तो आठवणींचा भाग. जुनी आठवण लिहायची, तिला पेपरातल्या बातमीसारखा मथळा द्यायचा आणि मथळ्यात क्रियापद हवंच. ही अट भारी आहे.

त्यांना अगदी लहानपणच्या आठवणी हव्यात. मी वयाची अट मोडतो. तू अकरा वर्षांचा होतास. घोडबंदर रोड, मे महिना, दिवसाआड टँकर. टँकरवाला पाणी कमी टाकतो की नाही, यावरून गेटपाशी रोज कचाकचा भांडण. मीही त्यात. तू माझ्या हत्यारांच्या पेटीतली टेप आणि बोल्टचा एक नट काढलास, नट दोरीला बांधलास आणि वॉचमनकाकांना खालच्या टाकीचं झाकण उघडायला लावलंस. टँकर यायच्या आधी दोरी ४० सेंटीमीटर भिजली, नंतर ११५. मध्ये पंप बंद ठेवायला लावलास, नाहीतर हिशेब चुकेल म्हणालास. टाकी ४ मीटर बाय ३. "नऊ हजार लिटर," तू म्हणालास. बिल दहा हजार लिटरचं होतं.

मथळा मी देतो: 'मोठे भांडतात, पोरगा पाणी मोजतो'. क्रियापद बघ.

आणि मी तुला कोणती गोष्ट ऐकवत आलो? वागळे इस्टेटची. एमआयडीसीची पहिली वसाहत, मी लागलो तेव्हा सातच्या पाळीला रस्ताभर सायकली. मग कंपनीला टाळं, हिशेबाचे पैसे अर्धवट, म्हणून तू कॉम्प्युटरच घे. दर गणपतीला पाहुण्यांसमोर तीच कॅसेट. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. सोळा वर्षं इन्स्पेक्शनला होतो. हातात व्हर्नियर, ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप, आणि एक दिवस कंटाळा आला नाही. हे तुला कधी सांगितलंच नाही. ज्या कामाने शेवटी घर चाललं नाही, त्याचं कौतुक काय करायचं, असं वाटायचं.

तेव्हा त्या कागदावर कंपनी बंद पडल्याची गोष्ट लिहू नकोस. ती माझी आहे, त्यातली भीतीही माझीच. तू तिला आपलं ध्येय समजून बसला असशील तर चूक माझी. पाणी मोजलंस म्हणून लगेच पाण्याच्याच कामाला लाग, असंही नाही. एका आठवणीवर एवढा भार टाकू नये. आणखी दोन-तीन शोध, आणि त्यांत कोणी न सांगता तू काय केलंस तेवढं बघ.

आईलाही विचार. तिला तू वेगळाच आठवतोस. हे पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "पुढचं नाही लिहिलंत? वाकून बघताना त्याची चप्पल टाकीत पडली. सगळ्या सोसायटीने दोन दिवस बाटलीचं पाणी विकत आणलं."

मी साफ विसरलो होतो. तेही लिही.

तुझा,
बाबा