मुक्ताला घेऊन जेवायला कोठे जावे

ठाणे (पश्चिम),
१२ मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. बदलीचा हुकूम अखेर निघाला आणि जूनपासून तुम्ही तिघे खारघरला राहायला येणार, हे वाचून किती आनंद झाला ते वेगळे सांगायला नको. पण पत्रातली खरी बातमी तू नेहमीप्रमाणे शेवटच्या चार ओळींत लपवली आहेस. तुमच्या लेकीने, मुक्ताने, दिवाळीपासून दूध, दही, तूप, लोणी, मध असे सगळे सोडले, घरात ते वहिनींनी निभावून नेले, परंतु हॉटेलात गेल्यावर ती काकडी-टोमॅटोच्या बशीपलीकडे काही मागवत नाही आणि मग तुझ्याही घशाखाली घास उतरत नाही, असे तू लिहितोस. गेली तीन वर्षे मीही हे सगळे सोडून बाहेर कसा जेवतो, असे विचारले आहेस, म्हणून आज सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, तिला हॉटेलात ‘व्हीगन’, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही न खाणारा, हा शब्द उच्चारू देऊ नकोस. शब्द वाईट नाही. १९४४ साली इंग्लंडमधल्या काही मंडळींनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाच्या स्पेलिंगमधली पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन तो बनवला, आणि त्याच वर्षी आपली संस्थाही काढली. पण इकडच्या टेबलावर तो पोचेपर्यंत त्याचे काय होते, याचा मला पहिल्याच महिन्यात अनुभव आला. मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘व्हीगन में क्या मिलेगा?’ असे विचारले, वेटरने मान डोलावली आणि दहा मिनिटांनी माझ्यासमोर वांग्याचे भरीत आले. त्याने ‘बैंगन’ ऐकले होते. गंमत अशी, की चौकशी केल्यावर त्या मेनूकार्डावर मला चालण्यासारखा नेमका तोच पदार्थ निघाला. तेव्हापासून मी तो शब्द घरी ठेवून बाहेर पडतो.

तुला वाटत असेल, की ज्या हॉटेलावर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी आहे तेथे आपले काम सोपे होईल. मलाही तसेच वाटत होते, पण प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. आपल्या देशाच्या अन्ननियमांत मांस, मासे आणि अंडी मांसाहारात धरली आहेत, तर दूध, दुधाचे पदार्थ आणि मध त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. पनीरच्या पाकिटावर हिरवी खूण असते ती त्यामुळेच. तेव्हा ‘साहेब, आपलं प्युअर व्हेज आहे, बिनधास्त खा’ असे सांगणारा कॅप्टन अजिबात खोटे बोलत नसतो. त्याच्या दृष्टीने लोणी हा घटक नव्हेच, तो पाहुणचार आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका पंजाबी हॉटेलात मी दाल तडका मागवताना बटर नको, तूप नको, फोडणी तेलाची द्या, असे तीनदा बजावले. डाळ आली ती पांढऱ्या मलईची सुरेख नक्षी काढून. मी पाहतच राहिलो, तेव्हा वेटर समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘बटर नाही घातलं साहेब, नुसती मलई आहे.’ माझे ताट रिकामे दिसेल अशी दया येऊन कोणीतरी आत ती नक्षी काढली होती. रागवायचे तरी कोणावर? ती वाटी माझ्या सोबत आलेल्या भाच्याने संपवली आणि मी जिरा राइस लिंबू पिळून खाल्ला.

त्यानंतर मी एक शहाणपणा केला. आमच्या भागातल्या एका हॉटेलाच्या आचाऱ्याशी दुपारच्या निवांत वेळी गप्पा मारल्या, आणि मेनूकार्डावरच्या शंभर नावांमागे आत काय चालते ते समजून घेतले. अशा हॉटेलांत प्रत्येक भाजी मुळापासून शिजवत नाहीत. सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यांत तयार होतात. कांदा-टोमॅटोची पिवळी, टोमॅटो-काजूची, लोणी घातलेली लाल मखनी, आणि काजू व कलिंगड-खरबुजाच्या बियांचा मगज वाटून केलेली पांढरी, जिच्यात बहुतेक ठिकाणी क्रीम किंवा खवा असतो. संध्याकाळी ऑर्डर आली की त्यांतली एखादी कढईत घ्यायची, भाजी टाकायची आणि नावाप्रमाणे मसाला बदलायचा. म्हणजे मखनी किंवा शाही म्हणून जे काही येते त्यातून दूध वगळा, असे सांगणे व्यर्थ आहे, कारण ते सकाळीच त्यात गेलेले असते. याउलट पिवळ्या ग्रेव्हीतल्या भाज्या बहुधा तेलावरच असतात आणि त्यांत लोणी पडायचे ते शेवटच्या मिनिटाला, म्हणून तेथे आपल्या सांगण्याचा उपयोग होतो. तेव्हा ‘यात दूध आहे का?’ या प्रश्नाऐवजी मुक्ताने ‘ही भाजी कोणत्या ग्रेव्हीत बनते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला वेटर सवयीने ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्या प्रश्नासाठी त्याला आत जाऊन यावे लागते, आणि तो आत गेला की अर्धे काम झाले असे समज.

रोटीच्या बाबतीतही हेच. हॉटेलच्या भाषेत ‘प्लेन’ याचा अर्थ ‘वरून लोणी न लावलेले’ एवढाच आहे. प्लेन नान मागवला तर त्याच्या वर लोणी नसेल, पण मैदा बहुधा दह्यात नाहीतर दुधात भिजवलेला असतो, आणि कुलच्याचेही तेच. तंदुरी रोटी कणकेची, पाण्यात मळलेली असण्याचा संभव पुष्कळ, तरी काही ठिकाणी कणकेत दूध घालतात, म्हणून विचारलेले बरे. बिर्याणीच्या वाटेला मी जात नाही. भाजीला दही लावलेले असते, केशर दुधात भिजवलेले असते, आणि वर तूप सोडलेले असते.

हे सगळे फार किचकट आहे, आचारी वैतागतील, असे तू म्हणशील. मला तसे वाटत नाही. ठाण्यात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि ‘जैन’ एवढा एकच शब्द उच्चारला की कांदा, लसूण, बटाटा, गाजर हे सगळे निमूटपणे बाजूला होऊन वेगळ्या कढईत भाजी तयार होते. स्वयंपाकघराला हे जमते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? फरक इतकाच, की त्या शब्दाला मागणी आहे म्हणून त्याला शिस्त आहे, आणि आपल्या मागणीला अजून शब्दच नाही. म्हणून वस्तूंची नावे घ्यावी लागतात. मी कॅप्टनला सांगतो, ‘दूध, दही, तूप, लोणी, चीज, पनीर, क्रीम यांतलं काहीही नको, आत नको आणि वरूनही नको.’ ‘वरूनही’ हा शब्द विसरायचा नाही. ‘ॲलर्जी आहे’ असे सांगितले की सगळे धावपळ करतात, हे खरे आहे, आणि तसे सांगण्याचा मोह मलाही एकदा झाला. परंतु ज्यांना खरोखर ॲलर्जी आहे त्यांचा शब्द आपल्यामुळे हलका होतो, म्हणून मी पुन्हा तसे केले नाही. मुक्तालाही करू देऊ नकोस. आणखी एक, रविवारी रात्री नऊ वाजता यातले काहीही विचारायला जाऊ नये. दुपारी बारा किंवा संध्याकाळी साडेसात ही आपली वेळ.

आता तुला जे ऐकून आश्चर्य वाटेल ते सांगतो. गेल्या तीन वर्षांत मी सर्वांत निश्चिंतपणे जेवलो असेन तर ते मालवणी खानावळीत. होय, जेथे तू सुरमईसाठी जीव टाकतोस तेथेच. कोकणातल्या स्वयंपाकाला दाटपणा नारळ देतो आणि आंबटपणा कोकम, त्यामुळे दूध-दह्याची गरज फारशी पडतच नाही. काळ्या वाटाण्याचे सांबार घे. भाजलेले ओले-सुके खोबरे, कांदा आणि मालवणी मसाला यांचे वाटण, त्यात रात्रभर भिजवून शिजवलेले वाटाणे, बस्स. त्याच्याबरोबर तांदळाची भाकरी किंवा घावन, दोन्हींत पीठ, पाणी आणि मीठ. वडे घेतले तर पीठ तांदूळ आणि डाळींचे, धणे-मेथीचा वास असलेले. वालाचे बिरडे, फणसाची भाजी, अळूचे फदफदे हे ज्या दिवशी असेल त्या दिवशी माझी चैन. आणि शेवटी सोलकढी. ज्या जेवणात सगळे ताक पितात त्या जेवणात मी पाणी पीत बसतो, पण येथे माझ्या हातात गुलाबी रंगाचा, नारळाच्या दुधाचा आणि कोकमाच्या आगळाचा तोच पेला असतो जो बाकी सर्वांच्या हातात आहे. ही गोष्ट लहान वाटेल, पण मुक्ताला ती लगेच कळेल. मी तेथल्या मालकीणबाईंना पहिल्यांदा माझी यादी म्हणून दाखवली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘अहो, आमच्यात दूध म्हणजे नारळाचंच!’

अर्थात शेजारच्या टेबलावर माशांची ताटे असतात. ज्या मुलीने प्राण्यांच्या कणवेने दूध सोडले तिला तो वास सोसेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. काही जणांना नाही सोसत. तव्याचा आणि तळणीच्या तेलाचाही प्रश्न आहे. वडे मासे तळलेल्या तेलात निघत नाहीत ना, हे मी विचारून घेतो. तरीही, तुझी तक्रार तिघांना एका टेबलावर सुखाने बसता येत नाही अशी आहे, आणि बाप सुरमई, आई कोळंबी आणि लेक काळे वाटाणे असे मागवून कोणीही कोणासाठी मन मारणार नाही असे टेबल मला तरी दुसरीकडे सापडलेले नाही.

उडुपी हॉटेले हा आपला रोजचा आधार, आणि ती तुला वाशीपासून पनवेलपर्यंत कोठेही मिळतील. इडली, मेदूवडा, सांबार यांत सहसा अडचण नसते. सादा डोसा तेलावर करा, बटर फिरवू नका, एवढे सांगावे. रवा डोशाच्या पिठात कधी ताक असते, उपमा आणि शिरा तुपातले असतात, आणि खोबऱ्याची चटणी कोठे डाळव्याची तर कोठे दही घातलेली असते, ती मात्र चाखण्याआधी विचारावी. चायनीजमध्ये नूडल्स अंड्याचे नाहीत ना एवढे पाहिले की पुढे काळजी कमी. थाई पदार्थांत फिश सॉस येतो. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीचे नाव तू ऐकलेच असशील. मिसळ दही न घेता खावी, आणि तळावपाळीवर संध्याकाळी भेळ किंवा पाणीपुरी. पिझ्झ्याच्या दुकानात चीज वगळून उरलेल्या भाकरीचे तेवढेच पैसे देणे मला पटत नाही, आणि कॅफेत ओट दुधाच्या कॉफीचे वरचे पैसे देणेही जिवावर येते, पण ती कॉफी मी अधूनमधून पितो, हे तुझ्यापासून लपवत नाही.

साखळी हॉटेलांविषयी एक उपयोगाची गोष्ट. ज्यांच्या शाखा दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी आहेत त्यांना जुलै २०२२ पासून पदार्थांचे उष्मांक दाखवणे बंधनकारक आहे, आणि कोणत्या पदार्थात ॲलर्जी आणणारे कोणते घटक आहेत हेही सांगावे लागते. त्या यादीत दूध असते. ती यादी मुक्ताने फोनवर आधीच पाहून ठेवली तर काउंटरवरच्या पोराशी वाद घालावा लागणार नाही. पाकिटबंद पदार्थांसाठी २०२२ मध्येच सरकारने व्हीगन अन्नाचे वेगळे नियम आणि हिरव्या ‘व्ही’ची खूण आणली, पण ती खूण पाकिटावरची. मेनूकार्डावर तिचा उपयोग करण्याचे बंधन कोणावर नाही.

इतके करूनही चुका होतात, सुहास. मागच्या पावसाळ्यात मी एका ठिकाणी दोन प्लेट कटलेट मिटक्या मारीत खाल्ली आणि बिल देताना कळले की बांधणीला दूधपावडर होती. तू मुक्तावर नजर ठेवून ‘हे चालते का? ते चालते का?’ असे टेबलावर सर्वांदेखत विचारत बसू नकोस. माझ्या घरच्यांनी पहिले वर्ष तेच केले, आणि मला हॉटेलातल्या मलईपेक्षा त्याचाच जास्त कंटाळा आला होता. तिची मागणी तिला करू दे. तू शांतपणे आपला मासा खा.

सामान लागले की एका रविवारी तिघेही इकडे या. खारघरहून ठाण्याची थेट लोकल आहे, कोठे बदलावी लागणार नाही. आदल्या दिवशी मी खानावळीत सांगून ठेवीन म्हणजे वाटाणे भिजतील, आणि साडेबाराच्या आत पोचलात तर टेबलही मिळेल. वहिनींना विचारून कळव, त्यांना तिखट कितपत चालते, कारण तेथल्या बाई मसाल्याच्या बाबतीत कोणाचे ऐकत नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
विनायक