पिकअपच्या दारातली पिवळी चिठ्ठी

ऑरोरा, कोलोरॅडो
१५ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलेला प्रश्न साधा होता. पण मी आकडे सांगायला लागले की आवाज तुटायचा आणि पुन्हा जोडला गेला की मी भलतीकडूनच सुरुवात करायची, म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसले आहे. आपला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर केळीने भरलेली पाच टनांची ट्रॉली शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत मुकाट्याने आणून सोडतो, मग सहलीला नेऊन आत राहायचा जेमतेम दोन टनांचा ट्रेलर ओढायला तुला सव्वातीनशे एचपीची पिकअप कशाला हवी, असे बाबा म्हणाले. शेजारून आईचा आवाज आला की एवढा खर्च आमच्यासाठी करू नकोस. आईच्या बोलण्याला उत्तर नाही, पण बाबांच्या प्रश्नाला आहे.

ट्रॅक्टर ओढतो ते ताशी वीस किलोमीटरने. आमच्या घरापासून ग्लेनवुड स्प्रिंग्जला, म्हणजे जिथे गरम पाण्याच्या कुंडात तुम्हाला न्यायचे आहे (आपल्या उनपदेवासारखेच, पण आकाराने तळ्याएवढे), तिकडे जाताना रस्ता आयझेनहॉवर बोगद्यातून जातो आणि तो बोगदा समुद्रसपाटीपासून ३,४०१ मीटरवर आहे. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज यावा. पिकअप, ट्रेलर आणि आपण सगळे मिळून सुमारे ४,८०० किलो वजन सहा टक्के चढावर ताशी वीसने न्यायचे झाले, तर माझ्या हिशेबाने पंचवीस एचपी पुरतात, म्हणजे बाबांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. परंतु त्याच चढावर ताशी नव्वदने जायचे म्हटले की नुसत्या चढालाच पंच्याण्णव लागतात, आणि वारा व चाकांचा विरोध धरला की आकडा दीडशेवर जातो. त्या रस्त्यावर वीसच्या वेगाने जाणे म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकांना निमंत्रण देणे होय.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर ‘हलका’ या शब्दाबद्दल सांगते. विकणारे या ट्रेलरला ‘लाइटवेट’ म्हणतात आणि वजनापुरते ते खरेही आहे: कोरे वजन १,५९० किलो आणि सामानासह जास्तीत जास्त २,०४० किलो. पण जिनिंगला नेताना वरपर्यंत दाबून भरलेली कापसाची ट्रॉली आठवा. वजनाला ती केळीच्या निम्मीही नसायची, तरी समोरून वारा सुटला की ट्रॅक्टरचा आवाज बदलायचा. हा ट्रेलर आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे, म्हणजे एक भिंतच वाऱ्यात ढकलत न्यायची आहे. म्हणूनच ट्रेलर जोडल्यावर पेट्रोल जवळजवळ दुप्पट लागते, आणि म्हणूनच नुसते किलो पाहून गाडी घेणाऱ्यांची फसगत होते.

फसगत आमचीही झाली होती, ती तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. ऑक्टोबरमध्ये आम्ही एक ट्रेलर तीन दिवस भाड्याने घेतला आणि आमच्याच जुन्या गाडीला जोडला. कागदोपत्री ती गाडी तेवढे वजन ओढू शकत होती. जळाऊ लाकडे, पाण्याचे कॅन आणि लोखंडी शेगडी मी स्वतः ट्रेलरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात रचली, कारण मागचे दार उघडायला सोपे होते. महामार्गावर एक लांबलचक ट्रक आम्हाला ओलांडून गेला, तेव्हा त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी आत ओढला गेला, मग बाहेर ढकलला गेला, आणि नंतर ट्रक पुढे निघून गेला तरी मागून शेपटी हलवल्यासारखे हेलकावे चालूच राहिले. स्टिअरिंग माझ्या हातात होते पण गाडी माझ्या हातात नव्हती. तुमचे जावई काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त समोरचे हँडल घट्ट धरले. वेग हळूहळू कमी करत कडेला थांबल्यावर मी मागे जाऊन पाहिले आणि मला आपल्या अंगणातली बैलगाडी दिसली.

बाबा, ज्वारीची पोती लादून झाली की तुम्ही बैल जुंपण्याआधी जू हाताने उचलून पाहायचात. ते सहज वर आले की तुम्ही म्हणायचात, गाडी उलाळ झाली, दोन पोती पुढे घ्या. माझी नेमकी तीच चूक झाली होती. ट्रेलरची दांडी जिथे गाडीच्या हुकावर बसते, तिथे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार असावा लागतो. त्याहून कमी असला की ट्रेलर उलाळ होतो आणि वाऱ्याचा एक धक्काही त्याला डोलवायला पुरतो. जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग व पुढचे ब्रेक दोन्ही मंदावतात. लाकडे आणि कॅन पुढे आणल्यावर ट्रेलर शहाण्यासारखा वागू लागला. मात्र आता आमच्या जुन्या गाडीने मागून बसकण मारली आणि संध्याकाळी तिचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडू लागले.

त्या दिवशी मला कळले की प्रश्न ओढण्याचा नसून पेलण्याचा आहे. आमचा ट्रेलर सामानासह १,९५० किलोंचा होईल असे धरले, तर साडेबारा टक्क्यांनी सुमारे २४५ किलो सतत पिकअपच्या पाठीवर राहणार, आणि तो भार माणसांच्या व सामानाच्या हिशेबातच मोजावा लागतो. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत फक्त ओढण्याची क्षमता असते.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा फोर्ड एफ-१५० या एकाच मॉडेलच्या दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्हींची ओढण्याची क्षमता साडेतीन हजार किलोंच्या वर होती. विकणारा मुलगा आम्हाला महागडीकडेच नेत होता: छतभर काच, वीस इंची चाके, मोटरवर सरकणाऱ्या चामडी सीट, दार उघडले की आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या. मी ड्रायव्हरचे दार उघडून खाली वाकले. दार बंद झाल्यावर झाकल्या जाणाऱ्या खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारी पिवळ्या पट्टीची चिठ्ठी असते आणि तिच्यावर त्या एकाच गाडीचा, कारखान्यातून जशी निघाली तशी, आकडा छापलेला असतो: माणसे आणि सामान मिळून वजन इतक्या किलोंपेक्षा जास्त नसावे. महागडीवर ६४४ किलो होते आणि शेजारच्या साधीवर ८५७. काच, मोटारी आणि मोठी चाके यांनी दोनशे तेरा किलो आधीच खाऊन टाकले होते. मुलाने त्या चिठ्ठीकडे असे पाहिले की जणू ती त्याने पहिल्यांदाच पाहिली.

मी तिथेच कागदावर बेरीज केली. दांडीचा भार २४५, हिच (ट्रेलर अडकवायचा सांधा) आणि भार वाटणाऱ्या सळ्या मिळून ४०, आम्ही तिघे आणि तुम्ही दोघे मिळून ३०४ (तुमची वजने मी अंदाजाने धरली आहेत), आणि मागच्या हौद्यातल्या खुर्च्या, चटया, जनरेटर, किराणा वगैरे १२०. एकूण ७०९ किलो. महागडी पिकअप ६५ किलोंनी नापास झाली आणि साधीत १४८ शिल्लक राहिले. भार वाटणाऱ्या त्या सळ्या मागे बसलेला भार थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे वळवतात, गाडी पुन्हा सपाट उभी राहते. पण चिठ्ठीवरचा आकडा त्यामुळे वाढत नाही, जरी तीन वेगवेगळ्या माणसांनी मला तो वाढतो असेच सांगितले.

याहून लहान पिकअप आम्ही पाहिल्या नाहीत असे नाही. फोर्डची मॅव्हरिक दिसायला गोड आहे आणि पेट्रोलही कमी पिते, पण टोइंगचे, म्हणजे ओढण्याचे, वेगळे पॅकेज घेतले तरच ती ४,००० पौंड, म्हणजे १,८१४ किलो ओढते, आणि आपला ट्रेलर भरल्यावर त्याहून जड आहे. शेव्हरोलेची कोलोरॅडो (आमच्या राज्याच्या नावाचीच) ७,७०० पौंडांपर्यंत ओढते, तिथे शक्तीची अडचण नाही. पण मागच्या सीटवर आईचे गुडघे पुढच्या सीटला टेकले असते, आणि पाच माणसे बसवून दांडीचा भार धरला की तिथेही बेरीज काठावर येते.

इंजिनावरून घरात आठवडाभर वाद झाला. तुमच्या जावयांना पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन हवे होते, चारशे एचपीचे, आणि त्याचा आवाज खरोखरच ऐकत राहावा असा आहे. पण साधे इंजिन दर हजार फूट उंचीला सुमारे तीन टक्के शक्ती गमावते, कारण हवाच विरळ होत जाते. बोगद्यापर्यंत पोहोचेस्तोवर चारशेतले जवळजवळ एक तृतीयांश रस्त्यातच राहते. टर्बो हवा दाबून आत भरतो, म्हणून २.७ लिटरचे सहा सिलिंडरचे ३२५ एचपीचे इंजिन तिथेही बरेचसे शाबूत असते आणि ओढीचा जोर त्याला कमी आरपीएमवरच मिळतो. उतरताना मात्र मोठे इंजिन गाडी अधिक धरून ठेवते, हे मी जावयांना मान्य केले आहे आणि ते मला दर दोन दिवसांनी त्याची आठवण करून देतात.

मागच्या एक्सलच्या गियरचे प्रमाणही निवडावे लागते, ३.१५, ३.३१, ३.५५, ३.७३ असे आकडे असतात. आकडा लहान तर पेट्रोल वाचते, मोठा तर ओढ वाढते. आम्ही ३.५५ घेतले. फोर-व्हील-ड्राइव्हमुळे वजन वाढते आणि ते चिठ्ठीवरच्या आकड्यातून कापले जाते, तरीही इथल्या बर्फामुळे ते घ्यावेच लागले. गियरबॉक्सचे तेल थंड ठेवणारा कूलर आणि रुंद आरसे टोइंग पॅकेजमध्ये येतात. त्यात काटकसर करण्यासारखे काही नाही. भुसावळच्या मे महिन्यात चढावर उकळलेली इंजिने तुम्ही पाहिली आहेत.

ब्रेकबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आईची खरी भीती तीच आहे. पालच्या घाटातून उतरताना ट्रॉली ट्रॅक्टरला मागून कशी ढकलते ते तिने पाहिले आहे, कारण आपल्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. या ट्रेलरच्या प्रत्येक चाकात विजेवर चालणारा ब्रेक आहे. पिकअपच्या डॅशबोर्डवर त्याचा कंट्रोलर बसवून घेत आहोत, त्यामुळे मी पायाने ब्रेक दाबला की ट्रेलरही वजनाच्या मानाने आपोआप थांबू लागतो. हेलकावे सुरू झाले तर पाय ब्रेकवर न ठेवता हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबायचा असतो. ट्रेलर मागे खेचला गेला की सरळ होतो. दांडीखाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या नेऊन अडकवतात, म्हणजे चुकून हुक सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या साखळ्यांच्या झोळीत पडते. शिवाय एक बारीक तार आहे. ट्रेलर पूर्णच सुटला तर ती तार एक पिन उपसते आणि ट्रेलरच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक स्वतःहून लागतात. मी ती पिन उपसून ट्रेलर ढकलून पाहिला, हलला नाही. आणि घाट उतरताना मी तुमच्याच पद्धतीने उतरणार आहे, ज्या गियरमध्ये चढले त्याच गियरमध्ये.

आई, तुझ्यासाठी एकच गोष्ट वरून घेतली आहे. पिकअप जमिनीपासून उंच असते, म्हणून दोन्ही बाजूंना रुंद, न हलणारी पायरी आणि आत चढताना धरायला खांबावर हँडल आहे. आपोआप खाली येणारी पायरी मी नको म्हटले. चिखलाने ती अडकली तर तू दारात उभी राहशील. ट्रेलरमध्ये संडास-बाथरूम आहे, त्यामुळे मागच्या खेपेसारखे सकाळपासून पाणी न पिता प्रवास करायचा नाही. गॅसच्या शेगडीला तीन बर्नर आहेत. कळण्याच्या भाकरीचा तवा मात्र तू आणू नकोस, इथे बिडाचा मिळतो, आणि पाच किलो का होईना, ते तुझ्या बॅगेतून वाचतील.

आता माझी दोन कामे करा. एक, दोघांनीही दवाखान्यातल्या काट्यावर वजन करून मला कळवा, चपला घालून केले तरी चालेल. गाडी हाती आली की आम्ही ती ट्रेलरसह भुईकाट्यावर नेऊन प्रत्येक एक्सलचे वजन वेगळे घेणार आहोत, तेव्हा तुमच्या जागी तेवढ्या वजनाची मिठाची पोती ठेवायची आहेत.

दुसरे काम बाबांसाठी आहे. ट्रेलरची पाण्याची टाकी दीडशे लिटरची आहे आणि ती चाकांच्या मागे बसवलेली आहे. भरून निघालो तर दांडी हलकी होते, रिकामी नेली तर वाटेत आईला संडासला पाणी नाही. चाळीस लिटर टाकीत ठेवावे, की टाकी रिकामी ठेवून तेवढेच पाणी कॅनमध्ये भरून पिकअपच्या हौद्यात ठेवावे आणि शिल्लक १४८ किलोंतून ते वजा करावे, यावर आमचे दोघांचे एकमत होत नाही. ट्रेलरच्या तळाचे चित्र काढून सोबत पाठवत आहे, त्यावर एक्सलची आणि टाकीची जागा इंचांत लिहिली आहे. बघून सांगा.

ओमचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची लेक,
वैशू