आत्याने टाकलेल्या व्हिडिओबद्दल, आणि बाकीचं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतंय, तेव्हा ते आधी डोक्यातून काढून टाका. रविवारी फोनवर आई तू नुसतं हं हं करत होतीस आणि बाबांनी तर फोन हातातच घेतला नाही, तेव्हाच मला कळलं काहीतरी झालंय. तन्मयला खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला की आत्याने ग्रुपवर कुठल्यातरी जपानी कार्टूनचा, कमी कपड्यांतल्या मुलींचा व्हिडिओ टाकलाय आणि खाली लिहिलंय, आपली मनू तिकडे जपानात हेच काम करते. फोनवर हे बोलणं जमत नाही, मागे आजी बसलेली असते, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही स्वतः वाचा हं, आईने सांगितलेलं ऐकून सोडून देऊ नका.

तो व्हिडिओ मी बघितला. ती मालिका आमच्या स्टुडिओतली नाही, पण उद्या आमच्याकडेही तसली येऊ शकते, म्हणून सगळं स्पष्टच सांगते. त्यात जे दिसतं त्याला फॅन सर्व्हिस म्हणतात. गोष्टीला तशी गरज नसते, पण बघणारा खूश व्हावा म्हणून एखादा प्रसंग घालतात, कधी समुद्रकिनारा, कधी गरम पाण्याची कुंडं, आणि मग कपडे कमी. हो, असतं तसं, मी नाही म्हणत नाही. आणि हे आजचं फॅडही नाही. १९६८ साली गो नागाई नावाच्या चित्रकाराने शोनेन जंप या मुलांच्या मासिकात शाळेतल्या चावटपणाची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू केली तेव्हा इथल्या पालकांनीही असाच आरडाओरडा केला होता, खप मात्र वाढत गेला. मग १९७८ मध्ये रुमिको ताकाहाशींनी वाघाच्या पट्ट्यांची बिकिनी घालणारी परग्रहावरची मुलगी काढली, ती लोकांची इतकी लाडकी की २०२२ मध्ये तिची मालिका नव्याने केली. ही काढणारी बाई आहे हे आत्याला मुद्दाम सांग. बायकांसाठी केलेलंही असतं, २०१३ मध्ये फ्री! नावाची पोहणाऱ्या मुलांची मालिका आली होती, ती डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या बहुतेक मुलीच होत्या, आमच्या ऑफिसातल्या दोघी तर तेवढ्यासाठी या लाइनीत आल्या.

आता घालतात का, तर पैशासाठी. असल्या मालिका मध्यरात्रीच्या आसपास लागतात, मुलं झोपल्यावर. प्रकाशक, गाण्यांची कंपनी, खेळणी करणारे असे चार-पाच जण मिळून पैसा घालतात आणि तो वसूल करायला डिस्क, पोस्टर, पात्रांच्या छोट्या मूर्ती विकतात. टीव्हीवर अशा प्रसंगात वाफ नाहीतर पांढऱ्या प्रकाशाचा झोत आडवा येतो, झाकायचं ते झाकलं जातं, आणि विकतच्या डिस्कमध्ये वाफ विरळ होते. म्हणजे वाफ हासुद्धा धंद्याचाच भाग. हल्ली ऑनलाइन बघणारे वाढल्यामुळे डिस्कचं पूर्वीसारखं राहिलं नाही, पण सवय आहे ती आहेच.

आणि फॅन सर्व्हिस म्हणजे फक्त उघडं अंग असं मात्र अजिबात नाही गं. बघणाऱ्याचा लाड, असं समज. तन्मय २०१९ मध्ये पुण्यात थिएटरला वेदरिंग विथ यू हा जपानी कार्टून सिनेमा बघून आला होता ना, भारतातल्या फॅन्सनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या आणि मग तो आपल्याकडे लागला, त्यात दिग्दर्शक माकोतो शिनकाईंनी आपल्या आधीच्या सिनेमातली जोडी दोन छोट्या प्रसंगांत आणली, तेव्हा थिएटरमध्ये पोरं ओरडली होती म्हणे. तीही फॅन सर्व्हिसच. रोबोटच्या मालिकेत हाताचा सांधा न् सांधा दाखवत मशीन उघडतं, तीही. इथल्या गाण्याच्या कार्यक्रमात मुली हातपंख्यावर मोठ्या अक्षरात लिहून नेतात की इकडे बघून हात हलव, आणि तो गायक खरंच हलवतो, त्यालाही हेच नाव.

माझं काम रंगाचं. मूळ चित्रं एक जण काढतो, मधली दुसरे काढतात, मग ती आमच्याकडे येतात, एका भागाला तीन-चार हजार चित्रं लागतात आणि ठरलेला रंग ठरलेल्या जागी भरायचा. त्वचेला एक रंग, सावलीला एक, जिथे लाड करायचा तिथे आणखी एक गडद सावली आणि वर चकाकी. मागच्या आठवड्यात माझ्याकडे करी राईसचा कट, म्हणजे एक छोटं दृश्य, होता, नायक दमून घरी येतो आणि म्हातारी त्याच्यापुढे ताट ठेवते, एवढाच. त्या करीवर तेलाचे जे बारीक गोल येतात ते दिग्दर्शकाला अगदी बरोबर हवे होते, आपल्या तांबड्या रश्श्यावर तर्री येते ना तसे, सगळे सारखे नाहीत, कडेला दाट आणि मध्ये फुटलेले. मी ते करून दिले तर आमचे साठीचे साहेब, जे एरवी बोलत नाहीत, खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर बसले आणि विचारलं, तू हे कुठे बघितलंस. घरी, म्हटलं. आई, हे माझं काम. लोक तो कट पुन्हा पुन्हा थांबवून बघतील.

बाकीचे कटही येतात. मोठ्या बाईचं चित्र असेल, गोष्टीत नीट बसत असेल, तर मी रंगवते, कलानिकेतनला बाबा तुम्हीच मला पाठवलंत आणि तिथे माणसाचं शरीर काढायलाच शिकवतात. पण शाळकरी मुलींना तसं दाखवलेलं मला पटत नाही, अजिबात नाही, आणि असा कट आला तेव्हा मी सरळ सांगितलं की मला हा नको. दुसऱ्याला दिला, मला कोणी एक शब्द बोललं नाही. इथल्या लोकांनाही सगळं चालतं असं समजू नका. २०१० मध्ये टोकियोच्या सरकारने असली मांगा मुलांना विकायचे नियम कडक केले तेव्हा मोठ्या प्रकाशकांनी चिडून अ‍ॅनिमेच्या (म्हणजे जपानी कार्टूनच्या) मोठ्या मेळाव्यावर बहिष्कार घातला होता, दोन्हीकडून भांडण झालं. आणि २०१९ मध्ये नाक्यावरच्या चोवीस तास दुकानांनी, सेव्हन इलेव्हन, लॉसन वगैरेंनी, फक्त प्रौढांसाठीची चावट मासिकं विकायचं बंद केलं. चर्चा चालूच असते, मीही जेवताना वाद घालते.

आता पुस्तकांचं. आई, तू तन्मयला म्हणालीस ना की व्हिडिओ कॉलवर मनूच्या शेल्फावरची सगळी पुस्तकं कागदात गुंडाळलेली दिसतात, काय लपवते कोण जाणे. काहीच लपवत नाही गं! ही इथली पद्धत आहे. दुकानात पुस्तक घेतलं की काउंटरवरची मुलगी विचारते, कव्हर घालू का. हो म्हटलं की ती दुकानाचं नाव छापलेला कागद घेते, त्याची वरची आणि खालची कड पुस्तकाच्या उंचीला आधीच दुमडलेली असते, मग पुस्तक मध्ये ठेवून दोन्ही बाजू आत वळवते आणि पुठ्ठा त्यात सरकवते, ना चिकटपट्टी ना काही, बघता बघता होतं. पैसे पडत नाहीत. योकोहामाच्या युरिंदो दुकानात तर दहा रंगांतून कागद निवडता येतो, मी तुझ्या आवडीचा हिरवा घेते. का घालतात म्हणशील तर पुस्तक मळू नये हे एक, आणि आपण काय वाचतो ते शेजाऱ्याला कशाला कळायला हवं हे दुसरं. ट्रेनमध्ये सूट घातलेला माणूस कागद घातलेलं पुस्तक वाचत असतो, ते शेअर बाजाराचं असेल, प्रेमकथा असेल, नाहीतर मांगा असेल, कोणी डोकावत नाही. दुकानात मांगा प्लास्टिकमध्ये बंद असतात, चाळताही येत नाहीत. माझ्या शेल्फावर तीन शब्दकोश आहेत, त्यांनाही कागद आहे, पुढच्या कॉलला एकेक काढून दाखवते. आणि टेबलावरचं ते जाड मासिक, ज्याच्यावर पोहायच्या कपड्यातली मुलगी आहे, ते यंग जंप, मोठ्यांसाठीचं मांगाचं साप्ताहिक. मुखपृष्ठावर बहुतेक मॉडेलच असते, आत मात्र मी किंगडम वाचते, प्राचीन चीनच्या लढायांची गोष्ट, २००६ पासून चालू आहे. बाबांना आवडेल, सेनापती, वेढे, रसद, सगळं आहे.

राहायची काळजी तर मुळीच करू नका. सकाळच्या चुओ लाइनला, म्हणजे टोकियोच्या लोकलला, बायकांचा वेगळा डबा असतो, आपल्या मुंबईच्या लोकलसारखाच. इथल्या मोबाइलचा कॅमेरा आवाज केल्याशिवाय फोटोच काढत नाही, चोरून कोणी काढू नये म्हणून, आणि २०२३ पासून तसले फोटो काढणं हा देशभर गुन्हा आहे. कार्टून बघून इथले पुरुष वाईट वागतात असं आत्याला वाटतं, मला तरी ऑफिसात सगळे ताई-दादासारखे वागवतात. रात्री उशीर झाला तर रस्त्याला दिवे असतात, माणसं असतात. मी खरंच सांगतेय.

आता पैशाचं. इथे बरेच जण चित्रावर पैसे घेतात, एका चित्राला साधारण २०० येन, मला मात्र महिन्याचा पगार आहे, तेवढं बरं. पण येन घसरल्यापासून तेवढेच पाठवले तरी तिकडे रुपये कमी पोचतात. कर्जाचा हप्ता मी चुकू देणार नाही, बाबा, तुम्ही पेन्शनमधून भरू नका, मागच्या महिन्यात तुम्ही वरचे भरलेत हे मला बँकेच्या मेसेजवरून कळलं, तुम्ही सांगितलंही नाही. ते मी या पगारात परत पाठवते. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका, त्याचे वेगळे काढून ठेवलेत.

दिवाळीला यायचं जमत नाहीये. नवीन मालिकेचं काम तेव्हाच अंगावर असतं. आई, तू फराळ पाठवू नकोस म्हणजे म्हटलं तरी पाठवशीलच, तर चकल्या पाठव, लाडू वाटेत फुटतात. पुढच्या गणपतीला मी येणारच, तिकिटाला आत्तापासून पैसे टाकतेय.

आणि गडहिंग्लजचं स्थळ. त्यांनी मुलगी काय करते म्हणून विचारलं आणि आत्या काहीतरी बोलली, हे मला कळलंय. वाईट वाटलं, पण त्यांना माझा नंबर द्या, मी काय करते ते मी सांगेन, करी राईससकट. पटलं तर पुढे बघू, नाही पटलं तर त्यांच्या घरी राहून मला तरी कुठे बरं वाटणार. पण माझ्यासाठी तन्मयचं अडवू नका हो, मोठीचं आधी व्हायला पाहिजे हे आता कोणी बघत नाही, आणि ती मुलगी खूप चांगली आहे, माझ्याशी बोलते अधूनमधून. साखरपुडा मार्गशीर्षात धरा, पौषात नको म्हणता ना तुम्ही. हॉलचा अ‍ॅडव्हान्स किती ते तन्मयला सांगायला सांगा, अर्धा मी देते, साडीचं मात्र मी येईपर्यंत थांबू नका, आईच्या पसंतीचीच घ्या.

बाबा, रविवारी फोन घ्या.

तुमची,
मनू