आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: खुपऱ्या संपल्या, पण तोच जंतू मोठ्यांच्या डोळ्यात अजून आहे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की भारतात खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा हा पापण्यांच्या आतला संसर्गाचा आजार आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेली नाही, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. 1963 ला राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता, म्हणजे साठ वर्षांची मेहनत आहे, शाळांमध्ये जाऊन पोरांच्या पापण्या उलटवून बघणाऱ्या कितीतरी माणसांची. पण त्यानंतर एक समज पक्का होत चाललाय, अगदी दवाखान्यातल्या लोकांमध्येसुद्धा, की खुपऱ्या आणणारा क्लॅमिडिया हा जंतू आता डोळ्यांच्या ओपीडीतून गेला. तो गेलेला नाही साहेब, आणि त्यासाठीच हे पत्र.

क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिस हा जंतू एकच, पण त्याचे प्रकार बरेच. ए, बी, बीए आणि सी हे खुपऱ्यांचे, लहान मुलांमध्ये हात, टॉवेल, माशा यांच्यातून पसरणारे. डी पासून के पर्यंतचे प्रकार मुळात जननमार्गात राहतात आणि तिथून हाताने किंवा संबंधातून डोळ्यात पोचतात, मोठ्या माणसाला क्लॅमिडियाने डोळा येतो तो बहुतेक वेळा यांच्यामुळेच. (एल1 ते एल3 जांघेत गाठी आणतात, तो वेगळा विषय.) हे प्रकार ओळखतात ते जंतूच्या बाहेरच्या आवरणातल्या एका मुख्य प्रोटीनवरून, पण फरक आतही आहे. जननमार्गातले प्रकार तिथल्या दुसऱ्या जंतूंनी सोडलेल्या इंडोल या रसायनापासून वाढीला लागणारं ट्रिप्टोफॅन (प्रोटीनचा एक घटक) स्वतः बनवू शकतात म्हणून तिथे टिकतात, खुपऱ्यांच्या प्रकारांनी ती क्षमता गमावलेली आहे. आणि नुसत्या आवरणावर विसंबूनही चालत नाही, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या डोळ्यातल्या नमुन्यांचा पूर्ण जिनोम, म्हणजे जंतूची सगळी जनुकं, वाचला आणि 2016 मध्ये छापून आलं की आवरण खुपऱ्यांच्या प्रकाराचं पण बाकीचा जिनोम जननमार्गातल्या प्रकारांच्या जवळचा. म्हणजे हे जंतू आपापसात जनुकांची देवाणघेवाण करतात. मग आपल्याकडच्या मोठ्यांच्या डोळ्यात नेमकं काय आहे हे आपण बघायला नको का?

पेशंट कसा येतो ते सांगते. एक ताई आली, नवीन लग्न झालेली, सोबत सासूबाई. उजवा डोळा महिन्याच्या वर लाल, सकाळी चिपडं, उजेड सहन होत नाही. पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली तर त्यात ड्रॉपच्या अर्ध्या अर्ध्या बाटल्या, मॉक्सिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, आणि एक टोब्रा-डेक्साची, मेडिकलमधून स्वतःहून आणलेली, जिच्यात स्टेरॉइड असतं. खालची पापणी ओढली तर आत साबुदाण्यासारखे मोठे मोठे दाणे ओळीने, आणि त्याच बाजूच्या कानापुढे बोटाला लागणारी गाठ. हे चित्र बघितलं की डोक्यात क्लॅमिडिया यायलाच पाहिजे, पण त्याआधी तिला दोन ठिकाणी "डोळे आलेत, आठ दिवसात जातील" म्हणून परत पाठवलं होतं. 2023 च्या जुलैत आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली तेव्हापासून तर प्रत्येक लाल डोळा साथीतलाच धरला जातो. ती साथ व्हायरसची होती, आणि तो डोळा दोन-तीन आठवड्यात निवळतो. जो निवळत नाही, विशेषतः एकच डोळा, त्याचा वेगळा विचार कोणी करतच नाही.

हा जंतू पेशीच्या आत घुसून वाढतो. बाटलीतलं टोब्रामायसिन तिथे पोचत नाही, स्टेरॉइडने लाली चार दिवस दबते आणि नंतर पुन्हा उसळते, आणि दुर्लक्ष झालं तर आजार बुबुळापर्यंत जातो. उपाय आहे पोटातली गोळी, अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम एकदाच किंवा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस (गरोदर बाईला डॉक्सि नाही, अझिथ्रोच). आणि जोडीदारालाही औषध, नाहीतर आठवड्या-पंधरवड्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक बायकांना खाली काहीच त्रास जाणवत नाही, पुरुषांनाही पुष्कळदा नाही, त्यामुळे डोळा हीच पहिली खूण असू शकते, आणि ती सुटली तर पुढे गर्भाशयाच्या नळ्यांना सूज आणि मूल न होणं इथपर्यंत जातं.

आता खरी अडचण. ही औषधं सरकारी दवाखान्याला नवीन नाहीत साहेब. सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, औषधांचं जे राखाडी किट वर्षानुवर्षं दिलं गेलं त्यात अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम होतंच, सोबत सेफिक्झिम हे दुसरं अँटिबायोटिक. पण डोळ्याची ओपीडी आणि सुरक्षा क्लिनिक एकाच आवारात असून एकमेकांशी बोलत नाहीत. चिठ्ठी पाठवली तर तिथून उत्तर येतं की पेशंटला डोळ्याची तक्रार आहे, आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. आणि मी त्या ताईला विचारू कुठे, की लघवीला जळजळ होते का, अंगावरून जातं का, नवऱ्याला काही त्रास? टेबलाभोवती मोतीबिंदूची लाईन उभी, सासूबाई शेजारी. मी त्यांना केसपेपरवर शिक्का मारायला पाठवलं आणि तेवढ्यात विचारलं. दर वेळी असं जमत नाही, आणि बाईच्या घरातली शांतता अशा युक्तीवर अवलंबून ठेवायची ही काही पद्धत नाही. "लैंगिक आजार" हा शब्द केसपेपरवर वाचून घरात काय होतं ते मी बघितलंय, आणि दोष जवळजवळ नेहमी बाईवरच येतो, आजार आधी कोणाला होता हे कोणालाच माहीत नसताना.

म्हणून मागणी करते. एक परिपत्रक काढा की तीन आठवड्यांच्या वर लाल असलेला डोळा, त्यात पापणीच्या आत दाणे आणि कानापुढे गाठ असेल, तर मेडिकल ऑफिसरने क्लॅमिडियाचा विचार करावा, गोळी द्यावी आणि जोडीदारासकट सुरक्षा क्लिनिकला पाठवावं, आणि तिथल्या फॉर्मवर डोळ्याचा रकाना असावा. ओपीडीत पडद्यामागे बोलायला एक खुर्ची द्या, आणि केसपेपरवर नावाऐवजी कोड. मेडिकलमधून स्टेरॉइडचे ड्रॉप चिठ्ठीशिवाय विकले जातात त्याकडे एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) लक्ष घालायला सांगा. टीबीसाठी घेतलेल्या सीबीनॅट मशीनसाठी (ते जंतूची जनुकं शोधतं) क्लॅमिडिया-गोनोरियाची कार्ट्रिज मिळते, ती बनवलीय मुख्यतः लघवी आणि जननमार्गाच्या स्वॅबसाठी, तर एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाला डोळ्याच्या स्वॅबवर तिची पडताळणी करू द्या आणि पॉझिटिव्ह नमुन्यांचा प्रकारही ठरवू द्या. खुपऱ्या परत येतायत की नाही यावर नजर ठेवायचीच आहे, त्याच कामात हे बसतं.

बाळंतपणाच्या वॉर्डलाही हे कळवा. आईकडून हेच डी ते के प्रकार बाळाच्या डोळ्यात जातात, साधारण पाचव्या ते बाराव्या दिवशी डोळे चिकटायला लागतात, तोवर आई घरी गेलेली असते आणि आशाताईला सांगितलं जातं की काजळामुळे झालं. बाळालाही नुसते ड्रॉप पुरत नाहीत, तोंडावाटे औषध लागतं, नाहीतर काही बाळांना पुढच्या दोन-तीन महिन्यात न्यूमोनिया होतो. आशाताईंच्या पुढच्या ट्रेनिंगमध्ये यासाठी अर्धा तास ठेवा, शिकवायला मी येते.

आपली,
एक नेत्र चिकित्सा अधिकारी